फॉसशेप: म्युझियमच्या कपड्यांसाठी पुतळे बनवताना तीन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

म्युझियममध्ये जुने कपडे ज्या पुतळ्यांवर चढवलेले असतात ना ते पुतळे बनवायचं काम मी करते, आणि गेली तीन वर्षं या कामात फॉसशेप सतत वापरतेय. हे घेऊ का, आमच्याकडच्या कपड्यांना चालेल का, असं या कामातले नवीन लोक नेहमी विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. मोठं होणार आहे, पण घाईघाईत मटेरियल घेऊन नंतर दीडशे वर्षं जुन्या रेशमाला ओरखडा पडण्यापेक्षा दहा मिनिटं वाचलेलं बरं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फॉसशेप म्हणजे पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, हातात घेतलं की जाडसर मऊ फेल्टसारखं लागतं. त्यातले काही तंतू कमी उष्णतेला वितळणारे असतात, त्यामुळे वाफ दिली की ते आकसतं, एकमेकांना धरतं आणि गार झालं की कडक होऊन त्याच आकारात राहतं. वेगळा गोंद नाही, पाणी नाही, वाळत ठेवायची भानगड नाही. हे मूळचं नाटकाच्या कपड्यांसाठी, टोप्या आणि मुखवटे बनवणाऱ्यांसाठीचं मटेरियल, म्युझियमवाल्यांनी ते नंतर आपलंसं केलं. पातळ आणि जाड असं मिळतं, पातळ ते 300 आणि जाड ते 600. मी धडासाठी 600 घेते, गळ्याची पट्टी वगैरे छोट्या भागांना 300.

आता हे लागतंच कशाला, दुकानातला तयार पुतळा का नको, हा पहिला प्रश्न असतो. तर ज्यांनी कपडे घातले त्यांची शरीरं आजच्या पुतळ्यासारखी नव्हतीच. अठराव्या शतकातल्या बायकांचं धड आत घालायच्या स्टेजमुळे, म्हणजे अंग आवळणाऱ्या कडक चोळीमुळे, उलट्या शंकूसारखं दिसायचं आणि त्या पोशाखांची पाठ इतकी अरुंद कापलेली असते की खांदे मागे खेचलेले नसतील तर बाही बसतच नाही. 1830 च्या सुमाराच्या पोशाखात खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. 1900 नंतरच्या काही वर्षांत कॉर्सेटमुळे छाती पुढे आणि नितंब मागे, बाजूने बघितलं तर अंग इंग्रजी एससारखं. मग 1920 च्या दशकात एकदम सपाट छाती आणि कंबर खाली घसरलेली. आजच्या दुकानी पुतळ्याचे खांदे रुंद, चौकोनी, उंची भरपूर, आणि अंग फायबरग्लासचं म्हणजे कुठेही दबणार नाही. त्यावर जुना कपडा चढवला की कपडाच ताणला जातो, आणि जुनं रेशीम ताणलं की धागे तुटतात, तिथे दुरुस्ती म्हणजे फक्त आधार देणं, पहिल्यासारखं काही होत नाही.

माझ्याकडे 1880 च्या दशकातला एक बॉडिस आला होता, म्हणजे स्कर्टवर वेगळा घालायचा अंगाबरोबरचा वरचा भाग. बाहेरून बघितलं तर फारच सुंदर, गडद रंगाचं रेशीम, पुढे बारीक बटणांची रांग. उलटा केला तर दोन्ही बगलांच्या खाली रेशमात उभ्या चिरा, एकीकडे आणि दुसरीकडे अगदी एकाच जागी, जणू कोणी मोजून मारल्यात. घाम तिथे मुरलेला होताच, तो रेशीम कमजोर करतोच, पण चिरा बरोबर तिथेच का तर आधी कधीतरी तो रुंद छातीच्या पुतळ्यावर उभा होता, जुन्या फोटोत तसा दिसतोय. पाठीची शिवण फोटोत ओढलेली दिसते, आडव्या सुरकुत्या पडल्यात. ते बघून मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून मी नेहमी एकच सांगते, कपड्याचं माप घ्या आणि त्याच्यासाठी पुतळा बनवा, पुतळ्याला कपडा बसवू नका. क्योतो कॉस्च्यूम इन्स्टिट्यूटने, जी 1978 मध्ये सुरू झाली, वेगवेगळ्या काळांच्या बांध्याप्रमाणे स्वतःचे पुतळे बनवून घेतले ते याच कारणाने, आणि जगातली बरीच म्युझियम ते वापरतात. पण तसे पुतळे सगळ्यांना परवडत नाहीत, आणि परवडले तरी प्रत्येक कपडा त्या ठरलेल्या बांध्यात बसतोच असं नाही. तिथे फॉसशेप कामाला येतं.

आधी मी काय वापरायचे ते सांगते म्हणजे तुलना कळेल. पॉलिइथिलिन फोमच्या जाड फळ्या यायच्या, त्याच्या चकत्या कापायच्या, एकावर एक रचून हॉट एअर गनने चिकटवायच्या आणि मग लांब पात्याच्या चाकूने कोरत बसायचं. मटेरियल म्हणून फोम उत्तम, वर्षानुवर्षं काही सोडत नाही, जड कपडा पेलतो, टाचणी टोचता येते. पण एक धड कोरायला मला चार-पाच दिवस जायचे, सगळीकडे भुगा, आणि एकदा जास्त कापलं गेलं की परत चकती लावा. कागदाचे थर लावून बनवलेले पुतळे पण केलेत, हलके होतात, छान होतात, पण प्रत्येक थर वाळायला थांबायचं आणि ओलसर हवेत ते थांबणं जिवावर येतं. बकरम पण वापरलं, म्हणजे खळ लावलेलं जाळीदार कापड, त्याची अडचण अशी की ती खळच कीटकांना आवडते आणि ओलाव्याने आकार पण जातो.

फॉसशेपमध्ये तेच धड मी दीड-दोन दिवसांत उभं करते, त्यातला एक दिवस मापं घेण्यात आणि मास्टर भरण्यात जातो. मास्टर म्हणजे शिवणकामाचा साधा डमी, मापाने मुद्दाम लहान घेतलेला. त्यावर पॉलिएस्टर वॉडिंगचे, म्हणजे रजईत भरतात तसल्या मऊ कापसासारख्या मटेरियलचे, पातळ थर टाके घालून चढवत जायचं, छाती किती वर, पोट किती पुढे, पाठीचा बाक किती, हे कपड्याच्या आतल्या बाजूवरून वाचायचं. हो, वाचायचंच म्हणते मी, कारण अस्तरावर जिथे घासलंय, जिथे घडी पडलीये, जिथे कोणी आतून पट्टी लावून सैल केलंय, ते सगळं त्या बाईचं अंग सांगत असतं. मूळ कपडा मी पुन्हा पुन्हा चढवून बघत नाही, कोऱ्या सुती कापडाची त्याची नक्कल शिवते आणि फिटिंग त्या नकलेवर करते. मूळ कपडा फक्त शेवटी येतो, तोही दोघं जण मिळून, नायट्राइल ग्लोव्ह्ज घालून.

मास्टर तयार झाला की त्यावर ॲल्युमिनियम फॉइल. मग फॉसशेपचे तुकडे कापून सैलसर जॅकेटसारखं शिवायचं, साध्या मशीनवर शिवलं जातं, सुई मजबूत घ्या. आणि मग वाफ. हा भाग बघायला इतका छान वाटतो ना, आधी ते लोकरीसारखं फुगीर असतं, पृष्ठभागावर बारीक तंतू उभे, स्टीमर जवळ नेला की ते तंतू खाली बसतात, थोडी चमक येते आणि कापड आत ओढलं जायला लागतं, कंबरेची खोबण जिथे नुसती झोळ होती तिथे हळूहळू आकार उमटतो. बोटांनी दाबून दाबून बसवायचं, जाड हातमोजे घालूनच, वाफेने हात भाजतो हे विसरायला होतं कारण लक्ष आकाराकडे असतं. एका जागी स्टीमर धरून बसायचं नाही, गोल गोल फिरत राहायचं. पहिल्या फेरीत ते अर्धवट कडक होतं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जास्त. खूप गुळगुळीत पाहिजे असेल तर मध्ये सुती कापड ठेवून छोट्या इस्त्रीने दाबा, त्याने पृष्ठभाग बराच बसतो. हॉट एअर गन पण चालते पण ती मी फक्त कडांना वापरते, जवळ गेली तर भोक पडतं.

गार झालं की पाठीच्या मध्यावर उभं कापायचं, सोलून काढायचं, परत टाके घालून जोडायचं, झालं पोकळ धड. वजन इतकं कमी की एका हाताने उचलून टेबलवर ठेवते. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे गळा आणि बाहीच्या कडेला हे हवं तसं कात्रीने कापता येतं. कपड्याच्या गळ्याच्या रेषेच्या जरासं आत कापलं की पुतळा दिसतच नाही, समोरून बघणाऱ्याला फक्त कपडा हवेत उभा असल्यासारखा दिसतो. आतलं अस्तर, गळ्याची शिवण, आतली टेप सगळं बघता येतं. फोममध्ये हे करायला मला नाकी नऊ यायचे.

आता ज्या गोष्टी कोणी आधी सांगत नाही त्या.

आकसणं. हे जवळजवळ तीस टक्के आकसू शकतं, आणि उभं-आडवं दोन्हीकडे. खाली मास्टर असतो म्हणून घेर मास्टरपाशी थांबतो, पण लांबीला थांबवणारं कोणी नसतं, त्यामुळे खालची कड वर चढते आणि गळा खाली येतो. वर-खाली दोन्हीकडे भरपूर जास्त ठेवा. मी प्रत्येक नवीन रोलमधून दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून त्याला वाफ देऊन मोजते, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर पुढचं सगळं कटिंग ठरतं. फार घट्ट शिवलं तर छातीच्या उंचवट्यावर कापड पातळ पडतं, फार सैल शिवलं तर बगलेत सुरकुत्या कायमच्या बसतात. वाफ पण एकाच बाजूने देत गेलात तर शिवण फिरते, माझ्या पहिल्या धडाची मधली शिवण खांद्याकडे वळली होती आणि ते मला परत करावं लागलं.

जाडी. ही चूक माझ्या हातून झालेली आहे म्हणून कळकळीने सांगते. मास्टर कपड्याच्या मापाचा नको, त्याहून लहान पाहिजे, कारण फॉसशेप त्याच्या बाहेरून बसतं. भिंत 3 मिलिमीटर धरली तरी घेर जवळजवळ 2 सेंटिमीटरने वाढतो, वर अस्तर आलं की आणखी थोडा. मी एकदा हा हिशोब केला नाही आणि नक्कल चढवली तर कंबरेला हुक लागेना, दोन सेंटिमीटरचं अंतर राहिलं. नक्कल होती म्हणून ठीक, मूळ कपडा असता तर कोणीतरी हुक ओढून लावायचा प्रयत्न केला असता आणि तिथलं रेशीम गेलं असतं. तेव्हापासून मी मास्टर नेहमी बराच लहान करते आणि जे कमी पडेल ते नंतर बाहेरून वॉडिंगने भरते. लहान धड भरता येतं, मोठं झालेलं कमी करता येत नाही.

पृष्ठभाग. वाफ दिल्यावर हे खरखरीत होतं. हात फिरवून बघा, सुती हातमोजा अडकतो, मग दीडशे वर्षांच्या रेशमाच्या अस्तराचं काय होईल. त्यामुळे नुसत्या फॉसशेपवर ऐतिहासिक कपडा कधीही, म्हणजे कधीही चढवू नका. वर पातळ वॉडिंग आणि त्यावर धुतलेलं, खळ काढलेलं सुती स्टॉकिनेट (बनियनसारखं ताणलं जाणारं कापड) नाहीतर गुळगुळीत विणीचं कापड, टाके घालून घट्ट. कापलेल्या कडा तर आणखी टोकदार, त्यांना कापडाची पट्टी फिरवून शिवा. स्टॉकिनेटवर कपडा सरकत नाही, त्यामुळे आत ओढून घालायचा कपडा असेल तर वरचा थर गुळगुळीत रेशमी कापडाचा पाहिजे, आणि पुढे उघडणारा कोट असेल तर सुती चालतं, उलट ते कोटाला धरून ठेवतं.

वजन. इथे हे मटेरियल कमी पडतं आणि हे स्पष्ट सांगायला पाहिजे. सुती किंवा साध्या रेशमाचा बॉडिस, कमरेपर्यंतचं जॅकेट, लहान मुलांचे कपडे, यांना एकदम योग्य. पण धातूच्या तारेच्या भरतकामाचा मखमली कोट, मागे जमिनीवर लोळणारा मोठा घोळ असलेला स्कर्ट, असलं काही असेल तर पोकळ धडाची भिंत हळूहळू दबते, लगेच नाही, महिन्याभराने खांद्यावर खळगा दिसायला लागतो. दोन थर लावले तर बरंच बळ येतं, पण मी अशा वेळी आत कंबरेला आणि गळ्याला पॉलिइथिलिन फोमच्या चकत्या बसवते आणि त्यातून उभा दांडा नेते, म्हणजे वजन दांड्यावर जातं आणि फॉसशेप फक्त आकार देतं. फारच जड असेल तर सरळ फोमच कोरते. स्कर्टचं वजन खांद्यांवर येऊ द्यायचं नाही, कंबरेला आतून सुती टेप लावून तिथेच पेलायचं, आणि घेर उभा करायला नायलॉन नेटचे परकर.

हात मात्र मी फॉसशेपचे कडक बनवत नाही, फार लोक बनवतात पण मला पटत नाही. बाही ही कपड्यातली सगळ्यात अरुंद जागा, कडक हात आत घालताना शिवणीवरच ताण येतो. मऊ हात बरे, कापडाची पिशवी वॉडिंगने अर्धवट भरलेली, खांद्याला टेपने बांधायची, आधी बाहीत हात घालायचा आणि मग धडाला जोडायचा. 300 ची एक अर्धी पन्हळ कोपराच्या खाली ठेवली तर बाहीला हलकासा बाक येतो, तेवढाच उपयोग.

सुरक्षिततेबद्दल. म्युझियममध्ये कुठलंही मटेरियल कपड्याजवळ ठेवायच्या आधी ऑडी टेस्ट बघतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत, मटेरियलचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पत्र्यांबरोबर बंद काचेच्या नळीत, थोडं पाणी घालून, 60 अंशावर 28 दिवस ठेवायचा आणि पत्रे काळे पडले का, गंजले का ते बघायचं. चांदी काळी पडली तर गंधकाचे वायू, शिसं पांढरं पडलं तर सेंद्रिय आम्ल, असं त्यातून कळतं. फॉसशेप हे पॉलिएस्टर आहे, आणि पॉलिएस्टर या बाबतीत भरवशाचं मानलं जातं. माझ्या रोलचे तुकडे मी तपासून घेतले, ठीक निघाले. पण कारखान्यात मिश्रण कधीही बदलू शकतं, म्हणून एका रोलच्या निकालावर दुसरा रोल वापरू नका, आणि काळं फॉसशेप पण मिळतं, ते घेणार असाल तर रंग उतरतो का हे ओल्या पांढऱ्या कापडाने घासून बघा. बाकी पुतळ्यात स्वस्तातला पॉलियुरेथेन फोम घालू नका, तो काही वर्षांत चिकट होतो आणि भुगा होतो. पीव्हीसी नको, त्यातून आम्ल सुटतं. चांदीच्या तारेचं भरतकाम असेल तर जवळ लोकरीचं फेल्ट नको, लोकरीतल्या गंधकाने तार काळी पडते. कच्चं लाकूड पण नको, स्टँड धातूचाच घ्या.

आणखी एक, वाफ. वाफ देताना मूळ कपडा त्या खोलीत नसावा. ऐकायला साधं वाटतं पण जागा कमी असली की लोक एका कोपऱ्यात कपडा झाकून ठेवतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्टीमर चालवतात. हवेतला ओलावा एकदम वाढतो, रेशीम आणि भरतकाम दोन्हीला ते वाईट. नवीन बनवलेलं धड पण मी आठवडाभर उघड्यावर ठेवते, मगच काचेच्या पेटीत.

मला स्वतःला विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वजनासाठी आणि त्या खरखरीत पृष्ठभागासाठी कापला, कारण त्या पृष्ठभागामुळे वर जे कापड चढवायला लागतं त्यात फॉसशेपने वाचवलेल्या वेळातला अर्धा दिवस परत जातो. ज्यांच्याकडे पाच-दहा कपड्यांचं छोटं प्रदर्शन आहे, हात शिवणाला सरावलेले आहेत आणि फोम कोरायची सवय नाही त्यांनी नक्की घ्यावं. ज्यांना शिवण येत नाही त्यांनी आधी वाटेल त्या जुन्या डमीवर दोन-तीन धडं करून हात बसवावा. ज्यांचं प्रदर्शन वर्षानुवर्षं उभं राहणार आहे त्यांनी आतला आधार आधी ठरवावा, मग आकार. आणि एक रोल घेताना पुढच्या कामाचा पण विचार करून थोडं जास्त घ्या, अर्ध्या कामात दुसऱ्या रोलवर गेलात तर आकसण्याचं माप बदलतं आणि एका धडाचे दोन भाग जुळत नाहीत.

त्या बगलेत चिरलेल्या बॉडिससाठी मी शेवटी 600 चं एका थराचं धड केलं, खांदे अरुंद, पाठ जराशी गोलसर, छातीला मुद्दाम दीड सेंटिमीटर कमी. चिरांच्या मागे त्याच रंगाचं रंगवलेलं पातळ रेशीम आधाराला लावलं होतं, आणि नेमकं तिथे धडावर वॉडिंगचा एक जास्तीचा हलका थर दिला म्हणजे कापड दाबलं जाणार नाही, नुसतं टेकेल. बटणं लावली तेव्हा एकही ओढलं गेलं नाही, फोटोतल्या त्या आडव्या सुरकुत्या गेल्या होत्या. प्रदर्शनात 50 लक्सच्या, म्हणजे अगदी मंद, उजेडात तो तीन महिने होता, उतरवला तेव्हा चिरा मोजून बघितल्या, होत्या तेवढ्याच. त्या धडाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलने कपड्याचा नोंदणी क्रमांक, छाती-कंबर-पाठ अशी मापं, रोलचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवलीये, आणि ते त्या बॉडिसच्याच खोक्याशेजारी ठेवायला सांगितलंय.